उशाशी बसलेल्या माणसाचा विचार कोण करणार?

घरात कुणाला कॅन्सर झाला की भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेकडे बघतो. उशाशी बसलेल्या बाईकडे कुणी बघत नाही. ती जेवली का, रात्री तिला किती झोप मिळाली, कामावर तिचे किती खाडे पडले, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. उलट "त्यांच्याकडे नीट लक्ष दे बरं का" असे तिलाच बजावून मंडळी चहा घेऊन निघून जातात. तो चहाही तिनेच केलेला असतो!

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे, निघोजे या औद्योगिक पट्ट्यात हे चित्र अधिकच बिकट आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर या भागांतून आपली माणसे येथे पोटासाठी आली. गावी घर लहान असले तरी माणसे होती. आत्या होती, चुलती होती, शेजारची म्हातारी होती. येथे दहा बाय दहाची भाड्याची खोली, नवरा-बायको आणि दोन लेकरे. कंपनीच्या दारावर नाव मोठे, पण आत काम करणारा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. आज कामावर गेला तर आजची हजेरी, नाही गेला तर खाडा. अशा घरात आजारपण शिरले की शुश्रूषा करायला एकच माणूस उरते, आणि त्या एका माणसाच्या मजुरीवर घर चालत असते.

त्यातही या पट्ट्यात तोंडाच्या कॅन्सरचा धोका मोठा आहे. नाईट शिफ्टला डोळा लागू नये म्हणून ओठाखाली तंबाखूची चिमूट ठेवायची सवय लागते आणि ती दिवसाही सुटत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती बंदी टपरीपर्यंत किती पोहोचली हे वाचकांनीच सांगावे. मग एक दिवस गालात न भरणारी जखम दिसते, आणि वायसीएम, ससून किंवा थेट मुंबईत परळचे टाटा रुग्णालय अशी वारी सुरू होते.

उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पुष्कळ अंशी भागू शकतो. विमाधारक कामगार स्वतः कॅन्सरने आजारी पडला, तर सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास ईएसआयकडून मजुरीच्या ८० टक्के इतका विस्तारित आजारलाभ जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळतो. हे आपल्या कामगारांना माहीत असायला हवे, आणि पुष्कळांना ते माहीत नाही. पण त्याच कामगाराची बायको किंवा आई कॅन्सरने आजारी पडली तर? तिच्यावर उपचार होतात. तिच्यासाठी घरी थांबलेल्या कामगाराला मात्र त्या योजनेत एका दिवसाच्या मजुरीचीही भरपाई नाही. जो पडला त्याची नोंद आहे; जो त्याला उचलतो त्याची नोंद कुठेच नाही. त्यातल्या त्यात रेल्वे शहाणी म्हणायची. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटबरोबर ती एका सोबत्यालाही भाड्यात सवलत देते, म्हणजे एकटा पेशंट प्रवास करू शकत नाही एवढे तरी तिने ओळखले!

शुश्रूषा करणाऱ्या कामगाराला भरपगारी रजा मिळाली पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी. त्यात कॉन्ट्रॅक्टरचा कामगारही आला पाहिजे. पण ती रजा मिळेपर्यंत त्या खोलीत आज रात्र काढायची आहे, आणि तिथे पेशंट आणि उशाशी बसलेली बाई अशी दोनच माणसे आहेत. म्हणून प्रश्न असा, की या दोघांतील जो आजारी आहे तो दुसऱ्याचा भार थोडासा हलका करू शकतो का?

हा प्रश्न काहींना क्रूर वाटेल. आजारी माणसाकडून काम करून घेता काय, असे ते विचारतील. त्यांना उत्तर देण्यासाठी विनयपिटकातील महावग्गाकडे जावे लागेल.

पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रुग्णांविषयी तथागतांना वाटणारी काळजी सांगताना ती घेतली आहे. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवले. आपण व्याख्यानात कथा येथेच संपवतो. पण त्यातील एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. तुझी शुश्रूषा कुणी का करीत नाही, असे विचारल्यावर त्या भिक्खूने दिलेले उत्तर असे, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. तथागतांनी हा हिशेब मान्य केला नाही. त्यांनी संघाला बोलावून सांगितले, की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार. आजाऱ्याची शुश्रूषा ही आपलीच शुश्रूषा आहे. म्हणजे जो उपयोगी पडतो त्यालाच सेवा मिळावी, हा व्यवहार धम्माने पहिल्याच पायरीवर नाकारला. जो पेशंट हातही हलवू शकत नाही, त्याचाही शुश्रूषेवर पूर्ण हक्क आहे. त्याला हा लेख वाचून दाखवून कुणी टोमणा मारला तर तो धम्माशी द्रोह होईल.

मात्र त्याच प्रसंगाला लागून पुढे जे येते ते आपण सहसा वाचत नाही. ज्याची शुश्रूषा करणे अवघड जाते अशा आजाऱ्याची पाच लक्षणे तथागत सांगतात. तो अपथ्य करतो. पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण ओळखत नाही. औषध घेत नाही. आपले भले चिंतणाऱ्या शुश्रूषकाला आजार वाढला की कमी झाला की तसाच आहे हे खरे सांगत नाही. आणि वेदना सोसण्याची त्याची तयारी नसते. याच्या उलट वागणाऱ्याची शुश्रूषा सोपी जाते. त्यानंतर शुश्रूषा करणाऱ्याची पाच लक्षणे येतात. याचा अर्थ उघड आहे. शुश्रूषा हे दोन माणसांनी मिळून करायचे काम आहे असे तथागत मानत होते, आणि खाटेवरच्या माणसालाही त्यांनी त्यात वाटा दिला होता. अडीच हजार वर्षांपूर्वी आजाऱ्याला एवढा मान दुसऱ्या कुणी दिला असेल असे मला वाटत नाही. दयेच्या विषयाला कुणी कर्तव्य सांगत नसते.

आता ही पाच लक्षणे आपल्या खोलीत आणून बघा.

सर्वांत महत्त्वाचे मला चौथे वाटते, खरे सांगणे. आपल्या पुरुषांना दुखणे लपवण्यात मर्दानगी वाटते. "तिला कशाला त्रास" म्हणून रात्रभर अंगावर ताप काढतात. केमो घेतल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा जंतूही जिवावर उठतो. अशा वेळी ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. लपवलेला ताप पहाटे तीन वाजता कडकडून वर येतो, आणि मग तीच बाई लेकरांना शेजारी टाकून रिक्षा शोधत चाकण चौकात उभी असते. त्रास वाचवतो म्हणणाऱ्याने तिचा त्रास दहापट केलेला असतो. त्यापेक्षा उशाशी एक दोनशे पानी वही ठेवावी. ताप किती, उलटी किती वेळा, शौचास झाले की नाही, दुखणे कालपेक्षा जास्त की कमी, हे पेशंटने स्वतःच्या हाताने लिहावे. डॉक्टरने विचारल्यावर तिला आठवत बसावे लागत नाही, आणि "तुला एवढेही सांगता येत नाही?" हे ऐकूनही घ्यावे लागत नाही. तोंडाचे ऑपरेशन होऊन बोलणे बंद झालेल्या माणसाला तर पाटी-पेन्सिलच आधार. त्याच्या खाणाखुणा ओळखण्यात तिचा अर्धा दिवस जातो, चुकले की तो चिडतो, आणि ती रडते. दोन रेघांनी हे टळते.

औषधाचे तेच. कोणती गोळी सकाळची, कोणती जेवणानंतरची, हे ज्याला घ्यायचे आहे त्याने ध्यानात ठेवावे. रिपोर्टची फाईल तारखेप्रमाणे लावून ठेवावी. ईएसआयचा दाखला कधी संपतो, पुढची तारीख कोणती, योजनेसाठी कोणता कागद राहिला, ही कामे बसून होतात, फोनवर होतात. फोन धरण्याइतकी ताकद असेल त्या दिवशी ती पेशंटनेच करावीत. आणखी एक फोन असा असतो की जो बाईने केला तर लोक कानावर घेत नाहीत. भावाला, साडूला, मित्राला उसन्या पैशांसाठी किंवा एक रात्र थांबायला बोलावण्यासाठी पेशंटने स्वतः फोन करावा. मागण्याची लाज तिच्या एकटीच्या वाट्याला का?

अपथ्याबद्दल जास्त लिहीत नाही. रेडिएशन चालू असताना चोरून तंबाखू लावणारे आणि बायकोला खिसे तपासायला लावणारे कमी नाहीत. तिला शुश्रूषा करू द्या, पोलीस करू नका. पथ्याच्या प्रमाणाबाबतही तेच. कुणी काढा सांगतो, कुणी कसली मुळी सांगतो, कुणी अमुक बाबाची पुडी आणून देतो. या सगळ्यांना खाटेवरूनच "नको" म्हणावे. तिने नको म्हटले तर उद्या तेच लोक तिच्यावर ठपका ठेवतात.

नाकात नळी असलेला पेशंट आरशासमोर बसून नळीतून पेज, दूध, पाणी स्वतः घ्यायला शिकू शकतो. रुग्णालयात नर्सकडून हे नीट शिकून घेता येते. दर दोन-तीन तासांनी तिने कामावरून पळत यायची गरज राहत नाही. केमोनंतर साधारण दोन दिवस लघवी, शौच, उलटी यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो. ज्याला उठता येते त्याने आपले भांडे आपण धुवावे, भरपूर पाणी टाकावे. आणि ज्याला उठता येत नाही त्याने निदान तिच्या हातात हातमोजे आहेत का एवढे विचारावे.

हे भांडे धुण्याचे मी मुद्दाम लिहिले. दुसऱ्याची घाण काढणे हे काम या देशाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माथी मारले आणि वर ते करणाऱ्यालाच घाण ठरवले. ज्याच्यामुळे गाव स्वच्छ राहिला त्याचे नाव कुणी घेतले नाही. ही चीड ज्याच्या मनात आहे अशा माणसाने आपल्याच घरात, आपलीच उलटी पुसणाऱ्या बाईचे काम न दिसल्यासारखे करावे काय? श्रम अदृश्य करण्याची कला आपण ज्यांच्याकडून भोगली, त्यांचीच ती आपण घरात चालवतो आहोत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरचे सारे मी पुरुष पेशंटला उद्देशून लिहिले आहे, आणि ते जाणूनबुजून. कॅन्सर झालेल्या बाईला यातले काही सांगण्याची गरज नाही. ती केमो घेऊन येते आणि दुसऱ्या दिवशी डबे भरते. लसूण सोलते, लेकराची वेणी घालते, नवऱ्याची शिफ्ट चुकू नये म्हणून गजर लावते. तिला सांगायचे असेल तर उलटेच सांगावे लागेल, की बाई, पडून राहा; नवऱ्याला कुकर लावता येतो, त्याला लावू दे. तिच्या बाबतीत नवऱ्याचा ताण हलका होतो तो तिने कामे वाटून दिल्याने. तिखट-मीठ कुठे आहे, गॅसचा नंबर लावायचा कसा, शाळेची फी कधी भरायची, हे तिने एकदा सांगून टाकावे, म्हणजे तो घाबरून जाणार नाही. पुष्कळ पुरुष बायकोच्या आजाराइतकेच चुलीच्या भीतीने खचलेले असतात!

पाचवे लक्षण वेदना सोसण्याचे. याचा अर्थ वेदना लपवणे असा घेतला तर चौथ्या लक्षणाशी त्याचा मेळ बसत नाही. मला त्याचा अर्थ असा वाटतो, की दुखण्याचा राग उशाशी बसलेल्या माणसावर काढू नये. दुखते तर दुखते म्हणावे, गोळी मागावी. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनसारखी औषधे आहेत. पुण्यात वारजे येथे मुंबई-बंगळूर महामार्गालगत सिप्ला फाउंडेशनचे उपशामक केंद्र १९९७ पासून आहे. तेथे पेशंटकडून पैसे घेतले जात नाहीत, घरचे माणूस त्याच्यासोबत राहते आणि शुश्रूषा शिकते. पिंपरी-चिंचवडहून ते काही लांब नाही.

आता मुख्य गोष्ट. खाटेवरच्या माणसाला सर्वांत कमी कष्टात करता येण्यासारखे आणि सर्वांत कमी केले जाणारे काम कोणते, तर चार लोकांसमोर तिचे श्रेय तिला देणे. भेटायला आलेल्या सासरच्या मंडळींसमोर "हिच्यामुळे मी आहे" एवढे पेशंटने म्हणावे. त्याने ते म्हटले नाही तर पुढे काय होऊ शकते, हे आपल्या चळवळीला वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या मज्जातंतूंचे दुखणे होते. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात उपचार घेताना डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. पुढील आठ वर्षे माईसाहेबांनी डॉक्टर आणि पत्नी अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे आजारपण सांभाळले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हे ऋण स्वच्छ शब्दांत नोंदवले. आपण वाचलो आणि ग्रंथ पुरा करू शकलो तो पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असा त्या मजकुराचा आशय आहे. देशातील एवढा मोठा माणूस, स्वतः खंगलेला, हाती ग्रंथाचा डोंगर, आणि तरीही त्याने हे लिहायचे राहू दिले नाही. पण १९५७ साली त्यांच्या पश्चात ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. मधल्या काळात माईसाहेबांवर संशयाची राळ उडाली. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न होऊनही ती बसली नाही. त्यांनी १९९० साली 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' लिहून आपली बाजू मांडली, आणि २००३ साली त्या गेल्या. ज्याने श्रेय द्यायचे त्याने ते दिले होते, पण वाचकांपर्यंत ते वेळेत पोहोचले नाही. या विषयावर आपल्यात मतभेद आहेत हे मला माहीत आहे. तरीही शुश्रूषा करणारीला आधी जाब विचारायचा आणि कागद नंतर वाचायचे, ही आपली खोड चांगली नव्हे.

त्याआधी रमाई. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. उपासमारीच्या, एकटेपणाच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या साथीबद्दल बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला तो १९४० साली, पाच वर्षांनी. रमाईंच्या बाबतीत जे मागाहून लिहावे लागले, ते माईसाहेबांच्या बाबतीत त्यांनी स्वतः हयात असताना आणि त्या शेजारी असताना लिहिले. या दोन मजकुरांमधील अंतर मला फार बोलके वाटते.

संघात तर याचा नियमच होता. आजारी भिक्खू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, कारण शुश्रूषकांचे उपकार मोठे असतात, असे महावग्गात याच प्रकरणात पुढे येते. शुश्रूषा करणारा लहानगा श्रामणेर असला तरी त्याला सारखा वाटा. कामगाराच्या भाषेत बोलायचे तर पीएफवर आणि बँकेच्या पासबुकावर नॉमिनी म्हणून कुणाचे नाव आहे ते बघा. लग्नाआधी भरलेला फॉर्म तसाच पडलेला असतो. खोलीचा भाडेकरार, डिपॉझिट कुणाच्या नावावर? गावच्या घरात तिचे नाव आहे का? जिवंतपणी, हात चालतो आहे तोवर, या सह्या उरकल्या तर तिच्या मनावरचा एक मोठा दगड उतरतो. हे ती स्वतःहून कधीच बोलणार नाही, कारण बोलली तर लोक म्हणतील, ही त्याच्या मरणाची वाट बघते. म्हणून विषय त्यानेच काढायचा असतो.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेव्हापासून या पट्ट्यात विहारे वाढली आहेत आणि वस्तीवस्तीत रविवारची वंदना होते. वंदनेनंतर सूचना देण्याची वेळ असते तेव्हा वस्तीत कॅन्सरचा पेशंट कोणाकडे आहे हे विचारावे, आणि दोन तास त्याच्या उशाशी बसायला कोण जाईल याची पाळी वहीत लिहावी. पहिल्या रविवारी उशाची बाई "नको, मी आहे की" म्हणेल. तेव्हा खाटेवरच्या माणसाने तिला चप्पल घालायला सांगावी.